मास्तर बाजूच्या सीटवर

अर्ध्या शहराला गाडी चालवायला ज्यांनी शिकवलं, त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची, तिला सगळे बाई म्हणत. एका घरात दोन शिक्षक, म्हणून आमची मुलगी कुणाचंच न ऐकता मोठी झाली, असं मास्तर आल्या-गेल्याला सांगायचे. ती मुलगी आता लग्न होऊन दुसऱ्या गावी असते आणि रोज संध्याकाळी फोन करून या दोघांना शिकवते.

एके दिवशी पोस्टाने दोन पाकिटं आली, एक मास्तरांच्या नावाचं, एक बाईंच्या. मजकूर एकच. लायसन्सच्या कार्डाची मुदत संपत आली आहे, नवा फोटो देऊन कार्ड नवीन करून घ्यावं. मास्तरांच्या पाकिटात मात्र एक जास्तीचा कागद होता. सत्तरी गाठलेल्यांनी डोळे तपासून डॉक्टरांचा दाखला जोडावा, असं त्यात लिहिलं होतं.

"डोळे तपासून!" मास्तरांनी कागद हवेत फडकवला. "अगं, ऐकलंस का? ज्यांना मी गाडी शिकवली तेच तिथे खुर्च्यांवर बसलेत, आणि मला विचारतायत, दिसतं का म्हणून."

"सगळ्यांनाच विचारतात हो. तुमच्यावर कुणाचा डोळा नाही," बाई म्हणाल्या. "आणि चष्मा शोधत असाल तर तो डोक्यावर आहे."

बाईंच्या लायसन्सची गोष्ट जरा वेगळी होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्या गाडी शिकल्या, परीक्षाही पहिल्या फटक्यात पास झाल्या. नंतर एका सुट्टीच्या दिवशी त्या बहिणीकडे जायला निघाल्या, स्वतः गाडी चालवत, बाजूच्या सीटवर मास्तर. कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर मास्तरांनी इतक्या वेळा "अगं हळू", "अगं डावीकडे", "अगं, तो सायकलवाला!" केलं, की बाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला लावली, किल्ली मास्तरांच्या हातात दिली आणि खाली उतरून सरळ बसस्टॉप गाठला. बहिणीकडे दोघं वेगवेगळे पोचले. त्या दिवसानंतर बाईंनी स्टिअरिंगला हात लावला नाही. लायसन्स मात्र दर वेळी नवीन करून घेतलं. बँकेत, पोस्टात, कुठेही ओळख पटवायची झाली की ते कार्ड पुढे करायच्या. गाडी न चालवता लायसन्स वापरणारी ही एकटीच बाई, असं मास्तर म्हणायचे. बाई म्हणायच्या, म्हणूनच माझ्या लायसन्सवर आजवर एकही डाग नाही.

आधी फोटो काढायचे ठरले. फोटोवाल्याचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला, चपलांच्या दुकानाशेजारी. मास्तरांनी त्यासाठी टाय बांधला, मिशी विंचरली.

"मास्तर, आता नियम बदललेत," फोटोवाला म्हणाला. "हसायचं नाही. भुवया उचलायच्या नाहीत. चष्मा काढायचा, तोंड मिटायचं, समोर बघायचं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसता कामा नये."

"म्हणजे चेहराच नको म्हण की."

मास्तर स्टुलावर बसले. कॅमेऱ्यामागे बाई पर्स सांभाळत उभ्या होत्या. मास्तरांनी श्वास रोखून चेहरा दगडासारखा केला, आणि नेमका त्याच क्षणी बाईंच्या घशातून एक बारीक आवाज आला. मास्तरांची मिशी हलली.

"या फोटोत मिशी हसतेय," फोटोवाला स्क्रीनकडे बघत म्हणाला. "परत."

पुढच्या फोटोत मास्तर रागावलेले निघाले, त्याच्या पुढच्यात डोळे मिटलेले. शेवटी फोटोवाल्याने हात जोडले. "बाई, तुम्ही जरा बाहेर उभ्या राहता का? तुम्ही समोर असलात की यांचा चेहरा स्थिर राहत नाही."

बाई चपलांच्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे मास्तरांचा फोटो जमला. बाई मात्र स्टुलावर बसल्या, वर्गातल्या मुलांकडे बघावं तसं कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि एका झटक्यात काम झालं. बाहेर पडल्यावर मास्तरांनी बाईंचं जुनं कार्ड आणि नवा फोटो शेजारी शेजारी धरून बघितले. जुन्यात केस काळेभोर, नव्यात कापूस पिंजल्यासारखे.

"यात बघ, किती घाबरलेली दिसतेस."

"आणि या नव्यात?"

"यात फोटोवाला घाबरलाय."

दुसऱ्या दिवशी ते डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. गाडी अर्थातच मास्तरांनी चालवली. डोळ्यांची डॉक्टर त्यांची जुनी विद्यार्थिनी. कॉलेजात असताना ती त्यांच्याकडे गाडी शिकली होती आणि पहिल्याच दिवशी तिने गाडी थेट भाजीच्या ढिगात घातली होती. मास्तरांनी तेव्हा गाडीतून उतरून भाजीवाल्याची समजूत काढली, दुधी आणि वांगी गोळा करून दिली, आणि परत आत बसून तिला शांतपणे म्हणाले होते, "आता रिव्हर्स शिकू या." ती हे अजून सगळ्यांना सांगायची.

भिंतीवरची अक्षरं मास्तरांनी शेवटच्या ओळीपर्यंत खडाखड वाचून दाखवली. वाचून झाल्यावर बाईंकडे वळून असं बघितलं, की जणू ती अक्षरं त्यांनीच लिहिली होती.

"छान," डॉक्टर म्हणाली. "आता आणखी एक तपासणी. या मशीनच्या आत बघायचं. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. इतकंच."

पांढऱ्या घमेल्यासारखं ते मशीन. मास्तरांनी हनुवटी टेकवली. खोलीतला दिवा मालवला. बाई मागे भिंतीपाशी खुर्चीवर बसल्या होत्या. तिथून त्यांना घमेल्याचा आतला भाग तिरका दिसत होता. उजवीकडे दिवा लुकलुकला, मास्तरांनी बटण दाबलं. मधोमध लागला, दाबलं. डावीकडे लागला. मास्तरांचा अंगठा हलला नाही. परत डावीकडे, जरा खाली. अंगठा तसाच. आणखी एक. मास्तर ठिपक्याकडे टक लावून, अगदी इमानेइतबारे, दिव्याची वाट बघत होते.

बाईंनी जन्मभर परीक्षागृहात पहारा केला होता. आवडत्या मुलाने प्रश्नच न दिसल्यासारखी जागा कोरी सोडावी, आणि आपल्याला तोंडातून ब्रही काढता येऊ नये, तसं त्यांना झालं. पर्सचा पट्टा घट्ट धरून त्या बसून राहिल्या.

खोलीतला दिवा परत लागल्यावर मास्तर खुशीत होते. "एकही सोडला नाही," ते म्हणाले.

डॉक्टरने कागद छापून घेतला, थोडा वेळ बघितला. मग खुर्ची ओढून मास्तरांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली.

"मास्तर, काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. समोरचं तुम्हाला स्वच्छ दिसतंय, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. पण बाजूची नजर गेलीय, डावीकडची तर बरीच. हे दुखत नाही, खुपत नाही, काळोखही दिसत नाही. जे दिसत नाही ते दिसत नाही, हेच माणसाला कळत नाही. गेलेली नजर परत आणता येणार नाही. पण थेंब न चुकता घातलेत तर उरलेली राखता येईल. नक्की राखता येईल."

"आणि दाखला?"

डॉक्टरने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. बाईंना वाटलं, आता मास्तर चिडतील, म्हणतील की तुझं मशीन बिघडलंय. पण मास्तरांनी त्या पेनाकडे बघितलं. मग त्यांनीच विचारलं, "तुला सही करता येत नाहीये ना?"

"तुम्हीच सांगा, मास्तर. अशा नजरेचा माणूस तुमच्याकडे शिकायला आला असता तर?"

"किल्ली काढून घेतली असती," मास्तर म्हणाले.

ते म्हणाले आणि खिशात हात घालून गाडीची किल्ली काढली. थोडा वेळ ती तळहातावर ठेवून बघितली, मग डॉक्टरच्या टेबलावर ठेवली. "गाडी तुमच्या मागच्या आवारात राहू दे काही दिवस. घरी नेता येणार नाही मला."

"हवे तितके दिवस राहू दे, मास्तर," डॉक्टर म्हणाली, आणि किल्ली उचलून तिने बाईंच्या हातात दिली.

परत येताना ते बसने आले. मास्तरांना खिडकीजवळची जागा मिळाली. बाई त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या. बसता बसता त्यांच्या लक्षात आलं, की हल्ली आपण नेहमी यांच्या डावीकडेच चालतो, डावीकडेच बसतो. चहाचा कप यांच्या उजव्या हाताशी ठेवतो. दाराजवळचं स्टूल त्यांनी मागेच हलवलं होतं, कारण मास्तर दर वेळी त्याला अडखळायचे. कुंपणाच्या फाटकाला गाडीचा डावा आरसा घासला, तेव्हा मास्तर म्हणाले फाटक वाकलंय, आणि बाईंनी लोहाराला बोलावून फाटक सरळही करून घेतलं होतं. म्हातारपणी माणूस धांदरट होतो, इतकंच त्या समजत होत्या. त्यांच्या हातांना जे कळलं होतं ते डोक्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"रडतेस काय?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. धूळ गेली."

"मग माझे थेंब घाल दोन," मास्तर म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

पुढचे काही दिवस घर फार शांत होतं. मास्तर सकाळी उठून सवयीने गाडी पुसायचं फडकं घ्यायचे आणि अंगणात रिकाम्या जागेपर्यंत जाऊन परत यायचे. मग त्याच फडक्याने खिडक्यांची तावदानं पुसायचे. घरातली सगळी तावदानं लखलखीत झाली. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, मनाला लावून घेऊ नका. गाडी विकून टाका. आता फोनवर बोट दाबलं की टॅक्सी दारात येते."

"हो गं. बघतो गिऱ्हाईक," मास्तर म्हणाले, आणि फोन बाईंकडे देऊन आत जाऊन पडले.

बाईंनी फोन ठेवला, खोलीत गेल्या, दिवा लावला आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"अहो, माझ्या लायसन्सचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? कर की नवीन. बँकेत लागतं."

"बँकेसाठी नाही. गाडीसाठी विचारतेय."

मास्तर कोपरावर उठून बसले. "तू?"

"का? मला काय शिंगं आहेत? परीक्षा पास झालेय मी, पहिल्या फटक्यात. तुमच्यासारखी दुसऱ्या नाही."

हे गुपित सबंध शहरात फक्त बाईंना माहीत होतं. मास्तरांनी दचकून दाराकडे बघितलं.

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. उद्या लायसन्सच्या ऑफिसात जायचंय. टाय बांधायचा नाही."

लायसन्सच्या ऑफिसात खिडकीपलीकडे एक जाडजूड, हसतमुख कारकूनबाई बसल्या होत्या. बाईंचा अर्ज, फोटो, जुनं कार्ड त्यांनी बघितलं, भिंतीवरची अक्षरांची पाटी त्यांच्याकडून वाचून घेतली आणि पावती फाडून दिली. कार्ड पोस्टाने येईल, तोवर ही पावती जवळ ठेवली तरी गाडी चालवता येईल, असं सांगितलं. मग मास्तर पुढे झाले आणि आपलं कार्ड खिडकीतून आत सरकवलं.

"माझं परत करायचंय."

"परत? हरवलेलं सापडलं का?"

"नाही हो. माझंच आहे. आता चालवत नाही."

कारकूनबाईंचं हसू ओसरलं. अशी वेळ त्यांनी खूपदा पाहिली असावी, कारण त्यांनी काही विचारलं नाही. ड्रॉवरमधून कागदाला भोक पाडायचं यंत्र काढलं. "कार्ड हवं तर तुमच्याकडेच ठेवा, आठवण म्हणून. पण नियमाप्रमाणे मला भोक पाडून द्यावं लागेल."

"चेहऱ्यावर नका पाडू," बाई चटकन म्हणाल्या.

"छे, छे! कोपऱ्यात पाडते. इथे, चाकाचं चित्र आहे तिथे." खट्ट आवाज झाला. कारकूनबाईंनी कार्ड दोन्ही हातांनी धरून परत दिलं. मास्तरांनी भोकातून एकदा पलीकडे बघितलं आणि कार्ड वरच्या खिशात ठेवलं.

रविवारी डोळ्यांचा दवाखाना बंद असतो. मागचं आवार चांगलं ऐसपैस, एका कडेला झाडांची रांग, दुसरीकडे दवाखान्याची मागची भिंत आणि एक रखवालदार. डॉक्टरने परवानगी दिली होती. बाई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, सीट पुढे ओढली, आरसे नीट केले. मास्तर बाजूला बसले आणि त्यांनी पट्टा लावला. बाईंनी किल्ली फिरवली, गिअर टाकला, आणि गाडी एक हात पुढे गेली न गेली तोच मास्तर किंचाळले, "अगं क्लच! क्लच! अगं काय करतेस!"

गाडी आचका देऊन बंद पडली. झाडावरचे कावळे उडाले.

बाईंनी किल्ली काढली. "हेच. हेच झालं होतं तेव्हा."

"अगं, पण तू..."

"मला एक सांगा. ती डॉक्टर भाजीच्या ढिगात गेली, तिला तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. वाण्याच्या सुनेने खांब पाडला, तिला चहा पाजलात. साऱ्या गावात तुमच्या शांतपणाचे दाखले देतात लोक. मग माझ्याच वेळी अंगात काय संचारतं?"

मास्तरांनी आपल्या पायाखालच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. "तिथे माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा. शिकवायच्या गाडीला असतो. घरच्या गाडीला नाही."

"इतकंच?"

"नाही." त्यांनी पट्टा उगाच चाचपला. "त्या सगळ्या दुसऱ्यांच्या बायका होत्या, दुसऱ्यांच्या लेकी होत्या. त्यांची काळजी घ्यायचो, पण भीती नाही वाटायची. तू गाडी सुरू केलीस की माझ्या काळजाचं पाणी होतं. तुला काही झालं तर मी काय करू? माझ्याकडे ब्रेकही नाही."

बाई स्टिअरिंग सोडून त्यांच्याकडे वळल्या. "हे तेव्हा सांगायचं होतंत. मी इतकी वर्षं समजत होते, तुम्हाला वाटतं की मला येत नाही."

"तुला येतच होतं. उत्तम येत होतं. तोच तर वैताग."

रखवालदार लांबून बघत होता. गाडी का थांबली हे त्याला कळेना. बाईंनी पदराने चष्म्याची काच पुसली, चष्मा पुन्हा नाकावर चढवला आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "हे बघा, आपण नियम करू. या गाडीत बसलं की मी तुमची बायको नाही. नवीन विद्यार्थिनी. मला 'अगं' म्हणायचं नाही, 'तू' म्हणायचं नाही. बाकीच्यांना म्हणायचात तसं 'तुम्ही' म्हणायचं."

"स्वतःच्या बायकोला? लोक हसतील."

"मी तुम्हाला जन्मभर 'अहो' म्हणतेय, तेव्हा कुठे हसले लोक?"

मास्तरांनी आधी घसा साफ केला, मग परत एकदा. कुठे बघावं हे त्यांना समजेना. "बरं," ते म्हणाले. "बाई. आता... तुम्ही क्लच दाबा."

बाईंना हसू फुटलं. इतकं, की पोट धरून त्या स्टिअरिंगवर वाकल्या आणि हॉर्न वाजला. रखवालदार उठून उभा राहिला. मास्तरही हसू लागले. पण हसून झाल्यावर एक नवल घडलं. "सावकाश, घाई नाही," मास्तर म्हणाले, आणि या वेळी आवाज निराळा होता. "क्लच पूर्ण दाबा. हां. आता पहिला गिअर. पाय हळूहळू वर आणा. गाडी सांगेल तुम्हाला, ती थोडी थरथरेल. थरथरली? तिथे थांबा. आता सोडा. चाललो. बघा, चाललो आपण. छान."

गाडी आवारातून गोगलगायीच्या चालीने फिरू लागली. बाई समोर बघत होत्या, पण कान त्या आवाजाकडे होते. बाजारात, लग्नाकार्यात, शाळेच्या दारात लोक ज्यांच्याबद्दल सांगायचे ते हेच मास्तर होते तर. एवढा संसार झाला, आणि या माणसाशी आपली गाठ आजच पडतेय, असं त्यांना वाटलं. झाडांच्या रांगेशी वळण घेताना गाडी परत बंद पडली. बाईंनी अंग चोरून वाट बघितली.

"काही बिघडलं नाही," मास्तर म्हणाले. "गाडी आहे, बंद पडायचीच. पुन्हा सुरू करा, बाई."

त्यानंतर तीन-चार रविवार ते तिथे गेले. बाई रिव्हर्स शिकल्या. दोन मोकळ्या खुर्च्या अंतरावर ठेवून त्यांच्यामध्ये गाडी लावायला शिकल्या. एक खुर्ची मोडली, ती रखवालदाराची होती. मास्तरांनी त्याची समजूत काढली आणि नवी खुर्ची आणून दिली. मास्तरांना स्वतःलाही एक नवा उद्योग सापडला. डावीकडचं दिसत नाही म्हटल्यावर ते कानाने गाडी चालवू लागले. डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "दुसरा मागतेय. द्या तिला दुसरा." बाई गिअर टाकायच्या आणि इंजिनाचा आवाज खरंच समाधानाने खाली यायचा.

मग एका सकाळी त्यांनी गाडी दवाखान्याच्या फाटकातून बाहेर काढली, घरी न्यायला. पहिल्याच चौकात सिग्नल हिरवा झाला आणि गाडी बंद पडली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. बाईंच्या कपाळावर घाम आला.

"हॉर्न त्याचा आहे, त्याला वाजवू द्या," मास्तर म्हणाले. "गाडी आपली आहे. सावकाश सुरू करा."

गाडी सुरू झाली. टेम्पोवाला शेजारून पुढे जाताना खिडकीतून काहीतरी बोलणार होता, पण बाजूला बसलेल्या माणसाकडे बघून त्याने तोंड मिटलं. "मास्तर, तुम्ही!" तो ओरडला. "नवीन विद्यार्थी वाटतं?"

"हो," मास्तर ओरडून म्हणाले. "फार हुशार आहेत. तू हॉर्न कमी वाजव."

फाटकातून आत येताना बाईंनी आरसा घासला नाही. मास्तर उतरून फाटक धरून उभे राहिले आणि गाडी जागेवर लागल्यावर त्यांनी फडकं आणलं. त्या दिवशी त्यांनी गाडी पुसली, बराच वेळ, छपरासकट सगळी.

नवं कार्ड पोस्टाने आलं त्याच आठवड्यात मुलीचा वाढदिवस होता. येतो म्हणून तिला कळवलं, पण कसं येतो ते सांगितलं नाही. सकाळी लवकर निघायचं ठरलं. बाईंनी आधी मास्तरांच्या डोळ्यांत थेंब घातले, मग पिशवीत पाण्याची बाटली आणि मुलीसाठी घेतलेली शाल ठेवली.

शहर मागे पडलं तसा रस्ता मोकळा झाला. सुरुवातीला मास्तर सांगत होते, पुढे उतार आहे, पुलाच्या आधी खड्डा आहे, साखरेचे ट्रक या वळणावर आडवे येतात. मग सांगण्यासारखं कमी होत गेलं. त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. मान वळवली की त्यांना डावीकडचंही दिसायचं.

"इथे तळं आहे?" ते नवलाने म्हणाले.

"पहिल्यापासून आहे. दर वेळी बघते मी."

"मला कधी दिसलंच नाही."

"तुम्ही कायम रस्त्याकडे बघायचात. तुमचं कामच होतं ते."

तळ्यात म्हशी डुंबत होत्या, काठावर कुणीतरी चादरी धुऊन वाळत घातल्या होत्या. तळं मागे गेलं तरी मास्तर मान मोडून बघत राहिले. मग वीटभट्ट्या आल्या, एक शाळा आली, एक लांबलचक भिंत आली. प्रत्येकाबद्दल त्यांनी विचारलं आणि बाईंनी सांगितलं. पुढे रस्ता सरळ होता. ऊन काचेतून मांडीवर आलं. बाईंनी काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही.

त्यांनी चटकन बाजूला नजर टाकली. मास्तरांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. गाडीत झोपणारा माणूस नव्हता तो. मुलीच्या लग्नानंतर जावयाने गाडी चालवली तेव्हाही मास्तर सबंध रस्ता ताठ बसून होते, आणि उतरल्यावर त्यांची पाठ धरली होती. आता ते घोरत होते, अगदी हलक्या आवाजात.

बाईंनी वेग थोडा कमी केला. मागून एक गाडी आली, हॉर्न वाजवून पुढे निघून गेली. बाईंनी तिला जाऊ दिलं. इंजिन जरा कुरकुरलं. त्यांनी कान दिला, गिअर बदलला, कुरकुर थांबली.

मुलीच्या घराकडे वळायचा फाटा एकदा चुकला, कारण तो दाखवणारा झोपला होता. पुढून वळून त्या परत आल्या. मुलगी दारात उभीच होती. घरासमोर गाडी थांबलेली तिने बघितली, एक चाक फरशीवर चढलेलं, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आई उतरली.

"आई! तू? तू चालवलीस? बाबा कुठेयत?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मुलगी धावत येऊन काचेतून आत डोकावली. बाबा पट्टा लावून गाढ झोपले होते.

"उठवू?"

"नको गं. झोपू दे. किती दिवसांनी स्वस्थ झोपलेत."

मुलीने आईकडे बघितलं, मग तिला एकदम मिठी मारली, इतकी घट्ट की बाईंचा चष्मा तिरका झाला. मग आत जाऊन ती दोन कप चहा घेऊन आली. दोघी कुंपणाच्या ठेंगण्या भिंतीवर, गाडीशेजारी बसल्या. मुलीने शंभर प्रश्न विचारले, सगळे कुजबुजत, आणि बाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. गाडीच्या छपरावर झाडाची सावली हळूहळू सरकत आली. चहा संपला तरी मास्तर हलक्या आवाजात घोरतच होते.